पळसाच्या देठांचा माणूस

माझा आवाज पहिल्यांदा गेला तो वेल्ह्याच्या अलीकडच्या एका वाडीत, लग्न लावताना. मंगलाष्टकं चालू होती. अंतरपाट धरलेला, वऱ्हाडाच्या मुठीत अक्षता, आणि दुसऱ्या कडव्यानंतर माझ्या घशातून नुसता वारा बाहेर आला. मी खाकरलो, पाणी प्यालो, पुन्हा तोंड उघडलं. शब्द सगळे डोक्यात होते, पण बाहेर येईनात. नवरीच्या मामानं प्रसंग ओळखून "वाजवा रे!" अशी हाळी दिली, ताशा कडाडला, अंतरपाट दूर झाला आणि लग्न लागलं. मुहूर्त टळला नाही म्हणून सगळे खूश होते. मी बाजूला जाऊन बसलो, तर एक म्हातारा गुळाचा खडा घेऊन आला. "राहू दे हो, राहू दे," असं मी त्याला म्हणालो आणि दचकलो. आवाज अगदी स्वच्छ होता.

मला तेव्हा तिशी लागायची होती. आमचं घर भोरचं, नीरेच्या घाटापासून जवळ. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी. वेल्ह्याकडच्या खोऱ्यातली काही गावं आमच्या घराकडं होती. तिथली लग्नं, बारशी, वास्तू, दहावे-तेरावे आम्हीच करायचो. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ही गावं उभ्या हयातीत पायी फिरले. मी थोडं इंग्रजी शिकून संस्थानच्या कचेरीत चिकटण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात अण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. आधी त्यांना पायाखालचा दगड दिसेना, मग समोरचा माणूस. एक दिवस त्यांनी पंचांग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ती माणसं आपल्यावर विसंबून आहेत. त्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही." मी कचेरीचा विचार सोडला.

त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगायला हवी. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत माझी बायको गेली, आणि पाठोपाठ तिच्या कुशीतली मुलगी. मुलगी अगदी तान्ही, तिला पुरलं. तिच्यासाठी मंत्र नव्हतेच. बायकोचं मात्र सगळं मी शास्त्राप्रमाणं केलं. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा लगेच शिवला. जमलेले लोक म्हणाले, सुटली बिचारी. मी त्या कावळ्याकडं बघत होतो आणि मला एवढंच दिसत होतं की त्याला भूक लागली आहे. मी कुणाशी भांडलो नाही, संध्या सोडली नाही. फक्त तेव्हापासून मंत्र म्हणजे मला पाठ असलेले शब्द झाले, त्यापलीकडं काही उरलं नाही.

पाठ शब्द म्हणून माणूस बरीच वर्षं काढू शकतो. मीही काढली. पण अण्णांनी लहानपणापासून आणखी एक गोष्ट माझ्यावर बिंबवली होती. आपल्याला जे खरं वाटत नाही ते तोंडातून काढायचं नाही. एकदा शेजाऱ्याच्या पेरूवरून मी खोटं बोललो, तर त्यांनी मला मारलं नाही, पण दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. आता मी गावोगाव जाऊन सांगत होतो की हा आत्मा अमुक लोकी पोचला, या दानानं तमुक दोष गेला. माणसं हात जोडून ऐकत होती. खोटं बोलायचं नाही आणि विसंबलेल्यांना सोडायचं नाही, या दोन्ही गोष्टी मला एकाच माणसानं शिकवल्या होत्या. त्या दोन्ही एकाच वेळी कशा पाळायच्या, ते मात्र त्यांनी शिकवलं नव्हतं. त्यांच्या बाबतीत तसा प्रश्नच कधी पडला नसावा.

त्या लग्नानंतर एका श्राद्धाला आवाज गेला, मग एका वास्तूला. दर वेळी काम संपलं की परत यायचा. जेवण जाईना. अंथरुणावर पडलं की जबडा इतका आवळलेला असायचा की सकाळी दात दुखायचे. भोरमध्ये एक म्हातारे वैद्य होते. त्यांनी मला अंगणात उजेडाकडं तोंड करून बसवलं, घसा बघितला, मानेवरून बोटं फिरवली.

"घशात काही नाही तुझ्या," ते म्हणाले. "झोप लागते का?"

"नाही."

"कुणाशी बोलतोस का मनातलं?"

"कुणाशी बोलणार?"

वैद्य ज्येष्ठमधाची पुडी बांधून देताना म्हणाले, "हे चघळत राहा. याच्यानं काही व्हायचं नाही, पण काहीतरी चघळायला लागतंच."

आज या अवस्थेला लोक ताण म्हणतात. आमच्याकडं तेव्हा ताण दोरीला असे. माणसाला काय होतं, त्याला शब्द नव्हता.

घरात अण्णा आणि मी दोघंच. मी स्वयंपाक करायचो, त्यांना वाढायचो, ते जेवता जेवता कुठल्या गावात कोण कसं आहे ते विचारायचे. मी सांगायचो. आवाज जातो हे त्यांना सांगितलं नव्हतं. गावांत गेलो तर तिथं मान होता, पण संगत नव्हती. मला कोरडा शिधा मिळायचा, तो मी देवळाच्या पडवीत तीन दगड मांडून शिजवायचो. त्यांच्या पंक्तीला मी बसायचो नाही आणि माझ्या पंक्तीला दुसरं कुणी नसायचं. मुलं लांबून बघत, बाया नमस्कार करून वळत. भटजीला कुणी काय विचारणार?

अशात पासलीहून निरोप आला.

पासली तोरण्याच्या पलीकडच्या अंगाला, कानंदीच्या वरच्या खोऱ्यात. भाताची खाचरं डोंगराला पायऱ्यांसारखी चिकटलेली. भात झोडून झालं होतं, पेंढ्यांच्या उडव्या उभ्या होत्या. ज्या घरानं बोलावलं होतं तिथं तीन माणसं होती. एक म्हातारी, तिचा धाकटा मुलगा आणि थोरली सून. थोरला मुलगा पहिल्या लढाईच्या वेळी पलटणीबरोबर खेचरं सांभाळायला समुद्रापार बसऱ्याकडं गेला होता. लढाई संपली, खोऱ्यातले दुसरे दोघं परत आले. त्यांच्यातला एकजण म्हणाला की त्याला तापानं इस्पितळात टाकलेलं आपण बघितलं होतं. त्यापुढं काहीही कळलं नाही. सरकारकडून मेल्याचं आलं नाही, जिवंत असल्याचंही आलं नाही.

धाकटा म्हणाला, "भटजी, आता बारा वर्सं उलटली. गावची जानती मानसं म्हनत्यात, त्येचं काय ते करून टाका."

परमुलखात हरवलेल्या माणसाचा बारा वर्षं ठावठिकाणा लागला नाही, तर त्याची प्रतिमा करून दहन करायचं असा विधी आहे. पळसाच्या पानांच्या देठांचा माणूस रचायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि मग पुढचं सगळं. त्याला पालाशविधी म्हणतात. मी तो कधी केला नव्हता, अण्णांनी दोनदा केला होता.

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "सपनात येतंय माजं लेकरू. उंबऱ्याभाईर हुबं ऱ्हातंय आनि पानी मागतंय. आत ये म्हनलं तर येत न्हाई. किती दीस हुबं ठेवू त्याला?"

मी पंचांग काढून दिवस सांगितला. सून आतल्या दारापाशी तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज मधेच थांबला होता.

दुपारी मी देवळात बसलो असताना ती जळण घेऊन आली. मोळी टाकून लगेच जाईल असं वाटलं, पण ती खांबापाशी उभी राहिली. अठ्ठावीस-तीस वर्षांची असेल. नवरा गेला तेव्हा पोरच असणार.

"भटजी, एक ईचारू?"

"विचारा की."

"त्यो गेलाय, ह्ये तुमास्नी ठावं हाय?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"मंग तुमी कसं म्हननार?"

"शास्त्रात सांगितलंय, बारा वर्षं वाट बघायची..."

"म्या शास्तर न्हाई ईचारलं," ती म्हणाली. "तुमास्नी ईचारलं."

ती खाली बघत बोलू लागली. त्याच्यासाठी ती रडत बसली नव्हती. त्याचा चेहराही तिला आता नीट आठवत नव्हता, एका भुवईवरचा व्रण तेवढा आठवत होता. पण कपाळाला कुंकू होतं तोवर तिला या घरातून कुणी हलवू शकत नव्हतं. ते पुसलं की माहेरची माणसं येणार, म्होतूर लावून, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न करून, दुसरीकडं देणार. भाऊ तसं बोलूनही गेला होता.

"वंगाळ न्हाईत ती. माज्या भल्याचंच बोलत्यात. पर हितल्या खाचराची बांधबंदिस्ती म्या केलीया. म्हातारीला न्हाऊ घालती म्या. आता पुन्यांदा कुनाच्या तरी घरात जाऊन चूल कुठं, पानी कुठं ईचारत फिरू? त्यो जिता हाय का न्हाई, ते त्याचं त्याला ठावं. पर माज्या कपाळी हाय तवर म्या हितं हाय."

"मी खोटं बोलणार नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि गेली. मी काय बोललो ते मलाच पुरतं कळलं नव्हतं. तिनं मात्र ते वचन म्हणून घेतलं, हे तिच्या चालण्यावरून दिसलं.

ठरल्या दिवशी मी पुन्हा पासलीला गेलो. नदीकाठी सपाट खडकावर धाकट्यानं देठ आणून ठेवले होते. मी सांगत गेलो तसा तो रचत गेला. हात, पाय, छाती. हळूहळू तिथं माणसाच्या उंचीचं काहीतरी पडलेलं दिसू लागलं, आणि गावची माणसं आपोआप दोन पावलं मागं सरली. म्हातारीला उचलून आणलं होतं. ती त्या आकृतीकडं टक लावून बघत होती. सून बायकांच्या मागं उभी होती, तिची नजर माझ्यावर होती.

संकल्प सांगताना त्या माणसाचं नाव घेऊन त्याला प्रेत म्हणायचं असतं. मी नावापर्यंत आलो आणि घसा मिटला. पाण्याचा घोट घेतला. धाकटा हातात दर्भ धरून माझ्याकडं बघत होता. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच. तेव्हा मला समजलं की आज हा आवाज खाकरून यायचा नाही. मी आसनावरून उठलो.

"हा माणूस मेला का जगला, मला माहीत नाही," मी म्हणालो. हे शब्द मात्र अगदी सरळ निघाले. "मला जे माहीत नाही ते मी म्हणू शकत नाही. मला क्षमा करा."

कानंदीचं पाणी तेवढं वाजत होतं. मग म्हातारी म्हणाली, "त्यो मेलाय का ह्ये तुमाला कुनी ईचारलं? मंग माज्या लेकराला पानी कोन द्येनार?"

धाकटा भला माणूस. त्याचा आवाज चढला नाही. "भटजी, ह्ये आदी सांगायचं व्हतं," एवढंच तो बोलला. रचलेल्या देठांचं आता काय करायचं, हे कुणालाच कळेना. जाळता येईना, मोडवेना. शेवटी दोघांनी तो देठांचा माणूस घोंगडीवर घेतला आणि गोठ्याच्या माळ्यावर नेऊन ठेवला. मी पंचा खांद्यावर टाकून वाटेला लागलो. शिवेपर्यंत पोचवायला कुणीतरी नेहमी यायचं. त्या दिवशी कुणी आलं नाही.

खरं सांगायचं तर त्या वाटेवर पहिल्यांदा मला हलकं वाटलं. छाती भरून श्वास घेता येत होता. वेल्हे येईपर्यंत ते टिकलं. मग म्हातारीचा प्रश्न मागून आला आणि माझ्याबरोबर चालू लागला.

घरी आल्यावर मी अण्णांना सगळं सांगितलं. आवाजाचं, कावळ्याचं, पासलीचं. फक्त सुनेनं देवळात काय सांगितलं ते नाही. ते तिनं माझ्यापाशी विश्वासानं सांगितलं होतं, दुसऱ्या कुणापाशी बोलायचा मला अधिकार नव्हता. अण्णा झोपाळ्याची कडी धरून ऐकत होते. त्यांचे डोळे माझ्या खांद्याच्या पलीकडं कुठंतरी लागलेले होते.

"किती वर्षं झाली हे?" त्यांनी विचारलं.

"ती गेल्यापासून."

"एवढी वर्षं तू एकटाच..." असं म्हणून ते थांबले. त्यांचा विश्वास खरा होता. देव त्यांच्या लेखी शेजारच्या घरात राहणारा होता. माझं ऐकून ते रागावतील असं मला वाटलं होतं, ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुझं खरं तुझ्यापाशी. ते मी काढून घेणार नाही. पण त्या म्हातारीला तू अर्ध्यावर सोडून आलास. देठ रचून झाले होते, तिनं बघितले होते. आता ती रोज त्या माळ्याकडं बघत असेल."

मी चुलीकडं जायला उठलो.

"मला पासलीला ने," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला दिसत नाही, अण्णा."

"मला पाठ आहे. बघायचं काम तू कर."

नाही कसं म्हणायचं? ज्या तोंडानं मी माझं खरं सांगितलं, त्याच तोंडानं आंधळ्या बापाला तुमचं खरं सोडा म्हणायचं? आणि जाऊ द्यायचं तर मीच न्यायला हवं होतं. मी खूप विचार केला. विचार करून दर वेळी तिथंच परत येत होतो. शेवटी गाडी सांगितली.

वेल्ह्यापर्यंत बैलगाडीनं गेलो, पुढं पायवाट. अण्णांचा हात माझ्या खांद्यावर. ती वाट त्यांच्या पायांना माहीत होती. "इथं ओढा असेल," म्हणायचे, आणि ओढा यायचा. "उजवीकडं एक मोठा आंबा होता," म्हणाले, तर तो तोडलेला होता, नुसतं खोड होतं. मी "आहे" म्हणालो. ते खोटं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही.

पासलीत अण्णांना बघून माणसं घराघरांतून बाहेर आली. म्हाताऱ्या बायांनी त्यांच्या पायांवर डोकी ठेवली. थोरली सून पाण्याचा हंडा घेऊन येत होती. तिनं आधी अण्णांना पाहिलं, मग मला. हंडा खाली न ठेवता तशीच ती आत गेली.

देठांचा माणूस माळ्यावरून उतरवला. देठ वाळून आखडले होते, काही नवे घालावे लागले. त्याच खडकावर अण्णा आसनावर बसले आणि त्यांनी सुरुवात केली. त्यांचा आवाज म्हातारा झाला होता, पण कुठंही अडखळत नव्हता. त्या माणसाचं नाव त्यांनी अशा मायेनं घेतलं, जणू तो समोर निजला आहे आणि त्याला उठवायचं नाही. मधे थांबून ते मला विचारायचे, "नीट मांडलंय का? तीळ आहेत? पाणी उजवीकडं आहे?" मी बघायचो आणि "हो" म्हणायचो. दुसरं काहीही मी तिथं बोललो नाही.

धाकट्यानं अग्नी दिला. देठ भराभर पेटले. म्हातारीनं ओंजळीत पाणी घेतलं, धाकट्यानं खालून आधार दिला. तिनं पाणी सोडलं आणि मोठ्यानं म्हणाली, "पी बाबा. पी आनि जा." मग ती लहान मुलासारखी रडली. रडून झाल्यावर तिचा चेहरा इतका निवांत झाला की मला तिथून नजर काढावी लागली.

पलीकडं बायका सुनेला नदीकडं नेत होत्या. बांगड्या फुटल्याचा आवाज आला. ती रडल्याचा आवाज आला नाही.

परतीच्या वाटेवर खिंडीच्या चढावर आम्ही टेकलो, तेव्हा अण्णा म्हणाले, "तुला माझ्याबरोबर यावं लागलं, याचं मला वाईट वाटतं. पण म्हातारीला पाणी मिळालं."

"आणि सुनेला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तिचं काय?"

मग मी सांगितलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि तिच्यावरून हात फिरवत राहिले.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला नसतात?"

ते म्हणाले, "आलो असतो. पण मग मलाही तुझ्यासारखं झालं असतं."

त्यानंतर ते कधी कुठल्या गावाला गेले नाहीत. आमची गावं त्यांनी चुलत घराण्याकडं सोपवली. मी शाळेत मास्तर झालो. पाढे, कविता, भूगोल. वर्गात माझा आवाज कधीच गेला नाही. दातही दुखायचे थांबले. मन निवळलं असं कुणालाही वाटलं असतं, आणि एका अर्थी ते खरंही होतं. पण भात झोडायचे दिवस आले की मला त्या खोऱ्यांची आठवण येऊन कासावीस व्हायचं. तिथं मी कुणाचा नव्हतो, तरी माझी वाट बघितली जायची. भोरमध्ये आता माझी वाट फक्त अण्णा बघायचे, आणि काही वर्षांनी तेही गेले. आमच्या आळीतली माणसं माझ्याशी जपून बोलत. त्यांच्या कानांवर काहीबाही आलं होतं. दुसऱ्या बाजूला सुधारक मंडळी होती, त्यांनी मला आपल्यात ओढायचा प्रयत्न केला. त्यांना माझ्याकडून भाषण हवं होतं. मला भाषण करण्यासारखं काही सापडलं नव्हतं. मी दोन्हीकडून हळूहळू सुटत गेलो.

दुसरी लढाई सुरू झाल्यानंतरची गोष्ट. भोरच्या बाजारात मी भाजी घेत होतो. समोर एक बाई शेंगांच्या पाटीमागं बसली होती. कपाळाला कुंकू होतं, हातांत हिरव्या बांगड्या. शेजारी एक मुलगी, सातेक वर्षांची, शेंगा फोडून खात होती. बाईनं माझ्याकडं निरखून पाहिलं.

"भटजी न्हवं का तुमी? पासलीला येत व्हता ते?"

मी ओळखलं. खाली बसलो. काय विचारावं ते कळेना, म्हणून सासूबाई कशा आहेत विचारलं.

"ती गेली, त्याच सालात. सुखानं गेली. पानी दिल्यापासनं सपान पडलं न्हाई तिला." ती शेंगा सारख्या करत बोलत होती. "मंग भाऊ आला. भोंगवलीला दिली मला. मानूस बरा हाय. ही पोरगी."

"बरं आहे ना सगळं?"

"व्हय, बरं हाय की." तिनं मुलीच्या डोक्यावरची टरफलं झटकली. "सुरवातीला लई राग आला व्हता तुमचा. न्हाई म्हनालात आनि मंग वडलांना घिऊन आलात. म्हनलं, ह्यो मानूस आदीच मुकाट्यानं करून गेला असता तर निदान म्या आस तरी धरली नसती."

बाजाराचा गलबला चालू होता.

"आता राग न्हाई," ती म्हणाली. "आता ही पोरगी हाय. ते झालं नसतं तर ही कुठनं आली असती? पर तुमी त्या दिशी थांबलात, ते बरं केलंत का वाईट, ह्ये मला अजून कळंना. म्या लई ईचार केला. तुमाला कळलं का?"

"नाही," मी म्हणालो.

ती थोडी हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "कुनाला बोलत न्हाई म्या. पर आता ही दुसरी लढाई सुरू झाली, पोरं जायला लागली, तवापासनं मनात येतंय. त्यो आला आसंल तर? पासलीला जाऊन दारात हुबा ऱ्हायला आसंल, आनि आपन मेलोय ह्ये त्याला कोन सांगनार?"

एवढ्यात गिऱ्हाईक आलं. तिनं पाटीतल्या शेंगा ओंजळीनं मापात भरल्या, दोन-चार वर टाकल्या. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं आणि तीही भांडू लागली, मोठ्यानं, हसत. मी उठलो. मुलीनं मूठभर शेंगा माझ्यापुढं धरल्या, त्या मी पिशवीत घेतल्या. पुढं दोन-तीन बाजारांना मी तिकडून मुद्दाम गेलो, पण ती पुन्हा दिसली नाही. त्या जागी एक म्हातारा केरसुण्या घेऊन बसू लागला होता.